डॉग शोमध्ये जज तीन मिनिटांत काय पाहतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: चौदा महिन्यांचा पिवळा लॅब्राडॉर नर, केनेल क्लब ऑफ इंडियाचे (केसीआय) पेपर्स, म्हणजे वंशावळीची नोंद आहे, खांद्याशी उंची ६१ सें.मी., वजन ४१ किलो. पहिल्याच शोमध्ये वर्गात पाच कुत्रे होते, त्यात तो तिसरा आला. पहिला आलेला कुत्रा त्याच्यापेक्षा लहान आणि सडपातळ होता. जजने जेमतेम तीन मिनिटं पाहिलं आणि कारण न सांगता निकाल दिला. तर जजिंग होतं कशावर, त्यात ओळखीपाळखी किती चालतात, आणि गावी मामांकडे असलेली कारवानी या देशी शिकारी कुत्र्यांची जोडी शोमध्ये उतरवता येईल का?

सुरुवात तुमच्याच आकड्यांपासून करू, कारण निम्मं उत्तर त्यांतच आहे. केसीआयचे शो एफसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ब्रीड स्टँडर्डवर, म्हणजे आदर्श कुत्रा कसा असावा याच्या लेखी वर्णनावर चालतात. स्टँडर्ड लिहिण्याचा अधिकार त्या जातीच्या मूळ देशाकडे असतो, त्यामुळे लॅब्राडॉरचं स्टँडर्ड ब्रिटिश आहे. त्यात नराची आदर्श उंची ५६ ते ५७ सें.मी. आणि मादीची ५४ ते ५६ सें.मी. दिली आहे. तुमचा कुत्रा त्याहून चार सें.मी. उंच आहे. अमेरिकन केनेल क्लबचं स्टँडर्ड नराला साडेबावीस ते साडेचोवीस इंच, म्हणजे साधारण ५७ ते ६२ सें.मी. उंची देतं. हाच कुत्रा तिकडे उंचीत बसला असता. आपल्याकडच्या रिंगमध्ये मात्र तो उंच ठरतो, आणि ‘लहान’ वाटलेला पहिला कुत्रा बहुतेक योग्य उंचीचा होता. वजनाचंही तसंच. ब्रिटिश स्टँडर्डमध्ये वजनाचा आकडा नाही, पण बरगड्यांच्या गोलाईबद्दल बोलताना ती गोलाई जादा वजनामुळे आलेली नसावी, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. अमेरिकन स्टँडर्ड नराला २९ ते ३६ किलो देतं. ४१ किलो हे दोन्हीकडे जास्तच आहे. आपल्या घरांत लॅब्राडॉर गुबगुबीत असला की लोक कौतुक करतात. जजच्या हाताला मात्र बरगडीऐवजी चरबी लागते, आणि तिथेच गुण जातात.

हा काटेकोरपणा कशासाठी, हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. लोक शोला सौंदर्यस्पर्धा समजतात. प्रत्यक्षात ती पैदाशीच्या जनावरांची पारख आहे. १८५९ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला पहिला नोंदलेला शो झाला. त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर हे शिकारी कुत्रे होते आणि बक्षीस म्हणून बंदुका दिल्या गेल्या. पुढची पिलं कोणत्या नरापासून घ्यायची, हा शिकाऱ्यांचा व्यवहारी प्रश्न होता. जनावरांच्या बाजारात वळू निवडताना जाणकार शेतकरी पाय, खूर, पाठ, वशिंड पाहतो, तीच ही नजर. म्हणून नराच्या दोन्ही वृषणग्रंथी पूर्ण खाली उतरलेल्या आहेत की नाही, हे जज हाताने तपासतो. एकच उतरलेली असेल तर एफसीआयच्या स्टँडर्डप्रमाणे कुत्रा बाद होतो, मग बाकी कितीही देखणा असो. नसबंदी केलेला कुत्रा शो रिंगमध्ये सहसा चालत नाही, तोही याच कारणाने. त्यामुळे शो करायचा की नसबंदी करायची हा निर्णय आधी घ्या. पैदास करायची नसेल आणि फक्त कुत्र्यासोबत काही करायची हौस असेल, तर ओबीडियन्स (आज्ञापालन) किंवा ॲजिलिटी (अडथळ्यांची शर्यत) जास्त आनंद देईल.

आता दिवसाची रचना. प्रत्येक जातीचं जजिंग स्वतंत्र होतं आणि नर व मादी वेगळे पाहिले जातात. नरांमध्ये वयानुसार वर्ग असतात: पपी, ज्युनियर, इंटरमिजिएट. शिवाय भारतात जन्मलेल्यांसाठी ब्रेड इन इंडिया आणि सर्वांसाठी ओपन. वय शोच्या तारखेला मोजतात, प्रवेश भरण्याच्या दिवशी नाही. चुकीच्या वर्गात नाव गेलं तर जिंकूनही निकाल रद्द होऊ शकतो, म्हणून शेड्यूलमधली वयाची मर्यादा वाचून, पेपर्सवरची जन्मतारीख समोर ठेवूनच फॉर्म भरा.

प्रत्येक वर्गाचा पहिला पुन्हा रिंगमध्ये येतो आणि त्यांतून सर्वोत्तम नर निवडला जातो. चॅलेंज सर्टिफिकेट, म्हणजे सगळे ज्याला सीसी म्हणतात, ते इथे मिळतं. त्यानंतर रिझर्व्ह, म्हणजे त्याच्या खालोखालचा नर निवडतात आणि नवख्यांचा गोंधळ नेमका इथे होतो. समजा, ओपनचा विजेता सर्वोत्तम नर ठरला. मग ओपनमधला दुसरा कुत्रा रिझर्व्हसाठी परत बोलावला जातो, कारण तो आज फक्त त्या एका विजेत्याकडून हरला आहे. इतर वर्गांच्या विजेत्यांशी त्याची अजून गाठच पडलेली नाही. म्हणून वर्गात दुसरा आलात तर कुत्रा गाडीत घालून निघून जाऊ नका. स्टुअर्ड, म्हणजे रिंगमधला जजचा मदतनीस, हाक मारेल तेव्हा तुम्ही रिंगच्या कडेला हवेत. हीच फेरी माद्यांमध्ये होते, मग सर्वोत्तम नर आणि सर्वोत्तम मादी यांच्यातून बेस्ट ऑफ ब्रीड. तो पुढे ग्रुपमध्ये जातो. एफसीआयने सगळ्या जातींचे दहा ग्रुप केले आहेत. लॅब्राडॉर आठव्यात, जर्मन शेफर्ड पहिल्यात, डाक्सहुंडला चौथा ग्रुप एकट्याचा. ग्रुपचे विजेते शेवटी बेस्ट इन शोसाठी उभे राहतात.

इथे एक शंका नेहमी येते: पग आणि ग्रेट डेनची तुलना कशी करतात? तशी तुलना होतच नाही. पग आपल्या स्टँडर्डच्या किती जवळ आहे आणि ग्रेट डेन आपल्या किती जवळ, एवढंच पाहिलं जातं. तुमच्या वर्गातही तत्त्व हेच. आणि जजला एकही कुत्रा लायक वाटला नाही तर तो सीसी रोखून धरू शकतो. पाच कुत्रे आले म्हणून कुणाला तरी द्यायलाच हवं, असा नियम नाही.

चॅम्पियनपदाचे हिशेब देशोदेशी वेगळे. ब्रिटनमध्ये तीन वेगवेगळ्या जजकडून तीन सीसी लागतात आणि त्यातलं निदान एक कुत्रा वर्षाचा झाल्यानंतरचं हवं. अमेरिकेत १५ गुण, त्यात वेगवेगळ्या जजकडून दोन ‘मेजर’, म्हणजे तीन किंवा अधिक गुणांचे विजय. एफसीआयच्या आंतरराष्ट्रीय चॅम्पियनसाठी सर्वसाधारणपणे तीन देशांत, तीन जजकडून चार सीएसीआयबी (एफसीआयची आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रं) आणि पहिल्या व शेवटच्यात किमान एक वर्ष एक दिवसाचं अंतर. या सगळ्यांत एक सूत्र समान आहे: एका माणसाच्या एका दिवसाच्या मतावर कुणीही चॅम्पियन होत नाही. तुमचा तिसरा क्रमांक हेही एका माणसाचं एका दिवसाचं मत आहे. त्याला तेवढंच वजन द्या.

आता ती तीन मिनिटं. एफसीआयचा सर्वसाधारण हिशेब तासाला वीस कुत्र्यांचा, म्हणजे कुत्र्यामागे तीन मिनिटं. बाहेरून पाहणाऱ्याला ती कमी वाटतात, पण ज्याने हजारो कुत्र्यांना हात लावला आहे त्याला पुरतात. कारण तपासणीचा क्रम ठरलेला असतो.

आधी सगळे कुत्रे रिंगमध्ये एक-दोन फेऱ्या मारतात. तेव्हा जज बांधा आणि तोल पाहतो: उंची आणि लांबीचं प्रमाण, मान खांद्यात कशी मिसळते, पाठीची रेषा धावताना स्थिर राहते की हिंदकळते. याच फेरीत जाणकार जजच्या मनात साधारण क्रम तयार होतो. हाताची तपासणी तो क्रम पक्का करते किंवा मोडते.

मग एकेक कुत्रा पुढे. लहान जाती टेबलावर, मोठ्या जमिनीवर. जज समोरून येतो, कुत्र्याला हात दिसू देतो, मग डोकं. लॅब्राडॉरमध्ये कवटी रुंद हवी, कपाळ आणि नाकाड यांच्यातला उतार, ज्याला स्टॉप म्हणतात, तो ठळक हवा, डोळ्यांत सौम्यता हवी. मग दात. प्रौढ कुत्र्याला ४२ दात असतात, वर २० आणि खाली २२. लॅब्राडॉरला ‘सिझर बाइट’ लागते: वरचे पटाशीचे दात खालच्यांना बाहेरून अगदी चिकटून झाकतात. दात पाहण्याचा कडकपणा जातीनुसार बदलतो. जर्मन शेफर्डच्या स्टँडर्डमध्ये एक सुळा नसला तरी बाद, चौथी उपदाढ नसली तरी बाद, एकूण तीन दात कमी असले तरी बाद. त्या जातीत जज दोन्ही बाजूंनी ओठ वर करून मागच्या दाढांपर्यंत मोजतो. त्यामुळे शेफर्ड घेऊन जाणाऱ्याने घरी स्वतः चांगल्या उजेडात दात मोजलेले असावेत. रिंगमध्ये कळण्यात काही अर्थ नाही.

दातांनंतर हात मानेवरून खांद्यावर. हा सगळ्यांत महत्त्वाचा आणि प्रेक्षकाला सगळ्यांत कमी दिसणारा भाग. जज एक बोट खवाट्याच्या वरच्या टोकावर ठेवतो, दुसरं खांद्याच्या पुढच्या टोकावर, आणि मग कोपरापर्यंत जातो. खवाटा मागे कललेला हवा आणि वरच्या बाहूचं हाड जवळजवळ तेवढंच लांब हवं, म्हणजे पुढचे पाय छातीखाली येतात. ते हाड आखूड किंवा उभं असेल तर पाय मानेच्या सरळ खाली येतात आणि पाऊल लांब पडत नाही. जाड अंगावर हा दोष डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळतो. तुमच्या कुत्र्याला जज खांद्याशी दोनदा चाचपत होता की नाही, हे आठवून पाहा.

पुढे छातीची खोली कोपरापर्यंत पोचते का, बरगड्या किती मागे जातात, कंबर आखूड आणि भरलेली आहे का, पुठ्ठ्याचा उतार, शेपटी कुठून निघते. लॅब्राडॉरच्या शेपटीला ‘ऑटर टेल’ म्हणतात: मुळाशी जाड, टोकाकडे निमुळती, सगळीकडून आखूड दाट केसांनी वेढलेली, खालून झालर नसलेली. ती पाठीवर गोल वळलेली चालत नाही. मग मागच्या मांडीचे स्नायू, गुडघ्याचा कोन, हॉकपासून, म्हणजे मागच्या पायाच्या घोट्याच्या सांध्यापासून, जमिनीपर्यंतचा भाग उभा आहे का. शेवटी केस उलटे फिरवून आतली दाट, पाणी न शिरू देणारी लोकर. आपल्या कोकणपट्टीच्या दमटपणात ती पातळ होते. माजानंतर तीन-चार महिन्यांत मादीही केस झाडते. अशा वेळी प्रवेश भरू नये. फी वाया जाते आणि कुत्रीचं उगाच वाईट मत होतं.

मग चाल. ‘डाउन अँड बॅक’ म्हणजे सरळ जाऊन परत, किंवा त्रिकोण, आणि शेवटी पूर्ण फेरी. दूर जाताना मागचे पाय दिसतात: हॉक आत वळलेले, म्हणजे गाईसारखे, किंवा एकमेकांना घासणारे. जवळ येताना पुढचे: कोपर बाहेर फेकले जातात का, पाय आत-बाहेर टाकतो का. बाजूने पाऊल किती पुढे पडतं आणि मागून किती रेटा येतो, हे कळतं. पाहायची चाल म्हणजे दुडकी, समोरासमोरचे तिरके पाय जोडीने पडणारी. पुष्कळ घरगुती कुत्रे दोरीवर उंटासारखे एकाच अंगाचे दोन्ही पाय एकदम टाकतात. याला ‘पेसिंग’ म्हणतात. त्या चालीत जजला खांदा वाचताच येत नाही. कारण बहुतेक वेळा एकच: हँडलर, म्हणजे कुत्रा चालवणारा माणूस, फार हळू चालतो. वेग थोडा वाढवा, पहिल्या दोन पावलांत दोरीला किंचित वर झटका द्या, कुत्रा दुडकीत येतो. उलट चूकही तितकीच होते. लॅब्राडॉर शेफर्डसारखा पळवला की तो उड्या मारायला लागतो. लॅब्राडॉरला माणसाची भरभर चाल किंवा अगदी हलकी धाव पुरते.

दोरीबद्दल आणखी एक. वर ताणून धरलेल्या दोरीने पुढचे पाय जमिनीवरून हलके होतात आणि कोपर बाहेर येतात. मग मालक म्हणतो, ‘घरी तर सरळ चालतो.’ खरंच चालत असतो. दोरी सैल ठेवा. कुत्रा नेहमी तुमच्या आणि जजच्या मध्ये हवा. त्रिकोणाच्या कोपऱ्यावर हात बदलावा लागला तरी बदला, जजला तुमची पाठ दिसता कामा नये. स्टॅक करताना, म्हणजे उभं करताना, पुढचे पाय खांद्याच्या उंच बिंदूच्या सरळ खाली, मागचे हॉक जमिनीला काटकोनात. मागचे पाय फार मागे खेचले की पाठ घसरते आणि पुठ्ठा उतरता दिसतो. शेफर्डला एक मागचा पाय पुढे, एक मागे अशी वेगळी ठेवण असते. लॅब्राडॉरला ती लावू नका.

ओळखीपाळखीचा प्रश्न टाळणं बरोबर नाही. ठरावीक हँडलर वारंवार जिंकतात, हे खरं. त्यात एक भाग साधा आहे: ते कमकुवत कुत्रा घेतच नाहीत, आणि घेतलेला कुत्रा त्याचा दोष झाकला जाईल अशा वेगाने चालवतात. दुसरा भागही असतो. काही जज कुत्र्याआधी दोरीच्या दुसऱ्या टोकाचा चेहरा पाहतात, आणि ही त्या जातीशी केलेली बेइमानी आहे. तिला सौम्य शब्द नाही. यावर सामान्य प्रदर्शकाच्या हातात एकच इलाज आहे. आपल्याकडे एकाच मैदानावर शनिवार-रविवारी दोन शो ठेवण्याची पद्धत आहे, दोन्हींचे जज वेगळे. दोन्हींत उतरा. सहा-आठ वेगळ्या जजखाली एकच दोष परत परत आड येत असेल, तर तो दोष कुत्र्यात आहे. निकाल वर-खाली होत असतील, तर कुत्रा चांगला आहे आणि जजचं प्राधान्य वेगळं आहे. स्टँडर्डमध्ये ‘मध्यम’, ‘रुंद’, ‘योग्य’ असे शब्द पुष्कळ असतात आणि दोन प्रामाणिक जज त्यांचं माप वेगळं लावू शकतात. एक डोक्याला जास्त मोल देतो, दुसरा चालीला.

कारण न सांगितल्याबद्दल: युरोपातल्या अनेक शोमध्ये प्रत्येक कुत्र्याला लेखी शेरा आणि ‘एक्सलंट’, ‘व्हेरी गुड’ अशी श्रेणी मिळते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी फक्त क्रम. पण त्या जातीचं जजिंग संपल्यावर, जज रिकामा असताना, स्टुअर्डला विचारून जजकडे जाता येतं. ‘माझा का हरला?’ असं विचारू नका. ‘याच्या बांध्यात मी काय लक्षात ठेवावं?’ असं विचारा. बहुतेक जज मोकळेपणाने सांगतात, आणि दोन वाक्यांत जे कळतं ते महिनाभर फोटो पाहून कळत नाही.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांनी आवाज चढवायला हवा. जज आज ज्याला जिंकवतो, त्याच्या पोटची पिलं पुढच्या दोन वर्षांत शहरभर पसरतात. म्हणून अतिरेकी ठेवणीला दिलेलं बक्षीस कुणाच्या तरी घरात घोरणारं, धापा टाकणारं पिलू होऊन पोचतं. २००८ मध्ये बीबीसीच्या एका माहितीपटाने ब्रिटनमधल्या शुद्ध जातींचे आजार चव्हाट्यावर आणले. त्यानंतर तिथल्या केनेल क्लबने अनेक स्टँडर्ड बदलली. २०१२ च्या क्रफ्ट्स या तिथल्या मोठ्या शोमध्ये पंधरा जातींच्या बेस्ट ऑफ ब्रीड विजेत्यांना पशुवैद्याकडून तपासणं सक्तीचं झालं आणि बुलडॉग, पेकिनीज, बॅसेट हाउंड यांच्यासह सहा जातींचे विजेते त्यात नापास होऊन ग्रुपबाहेर राहिले. आपल्या हवेत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. पग किंवा फ्रेंच बुलडॉगला उन्हाळ्यात नागपूरला फक्त श्वास घेणंही कष्टाचं होतं. या जातींच्या रिंगमध्ये उघड्या नाकपुड्या आणि शांत श्वास यांना डोक्याच्या गोलाईपेक्षा वरचं स्थान मिळायला हवं.

रिंग जे दाखवत नाही तेही लक्षात ठेवा. जज खुब्याचा सांधा पाहू शकत नाही. तुमच्या लॅब्राडॉरकडे चॅम्पियनचे तीन रिबन आले तरी एक्स-रेशिवाय त्याला पैदाशीला वापरू नका. एफसीआयच्या पद्धतीत खुब्याला ए ते ई श्रेणी देतात, ए निर्दोष, ई सगळ्यांत वाईट. बारा महिने पुरे झाल्याशिवाय काढलेला एक्स-रे त्यासाठी धरत नाहीत.

आता पुढच्या शोची तयारी. तुमच्याकडे दहा आठवडे आहेत असं धरा. उंची कमी होणार नाही, पण ४१ किलोचे ३५-३६ होऊ शकतात आणि त्याने सगळा कुत्रा बदलेल. रोजचं खाणं मोजून सुरू करा आणि १० ते १५ टक्के कमी करा. चपातीचे तुकडे, बिस्किटं आणि ताटातलं उरलेलं पूर्ण बंद. वजन आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास उतरलं तर ठीक, त्याहून वेगाने नको. हात फिरवल्यावर बरगड्या सहज लागायला हव्यात, पण दिसायला नकोत. व्यायाम डांबरी रस्त्यावर पळवून नको. वाढत्या सांध्यांवर ताण येतो. सकाळी मातीवर किंवा गवतावर वीस मिनिटं सलग दुडकी आणि मिळालं तर पोहणं. नखं दर आठ दिवसांनी थोडी थोडी कापा. लांब नखांनी पंजा पसरतो आणि पाय सपाट दिसतो.

सराव रोज दोनदा, पाच-पाच मिनिटं. त्याहून जास्त केलं तर कुत्रा कंटाळतो आणि रिंगमध्ये शेपटी पाडतो. दर दोन दिवसांनी एका अनोळखी माणसाला सांगा: समोरून या, ओठ उचला, खांद्यापासून शेपटीपर्यंत हात फिरवा, वृषणग्रंथी चाचपा. घरच्यांनी केलेला सराव पुरत नाही. रिंगमध्ये परक्याचा हात लागतो, टोपी आणि अत्तराच्या वासासकट. आंघोळ शोच्या तीन-चार दिवस आधी. आदल्या दिवशी शाम्पू केला की लॅब्राडॉरचे केस मऊ होऊन उभे राहतात आणि खरखरीत, चिकटून बसलेला पोत हरवतो. रंग, पावडर, स्प्रे काही लावू नका. केसांचा पोत किंवा रंग बदलणारं काहीही नियमबाह्य आहे.

मैदानी भागात शो साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या थंड महिन्यांत असतात. उटीसारख्या थंड ठिकाणी मे महिन्यातही होतो. थंडीतही दुपारी बारानंतर मंडपाबाहेर ऊन चढतं. धापा टाकणारा कुत्रा तोंड उघडं ठेवून, मान खाली घालून चालतो, आणि मग बाइट, डोकं, चाल काहीच नीट दिसत नाही. दोन लिटर घरचं पाणी, ओला पंचा, सावलीत पिंजरा, आणि आदल्या रात्रीनंतर अगदी हलकं खाणं. रिंगमध्ये आमिष म्हणून उकडलेल्या चिकनचे किंवा काळजाचे वाटाण्याएवढे तुकडे. मोठा तुकडा कुत्रा चघळत बसतो आणि नेमका तेव्हाच जज दात पाहायला येतो. रेबीज लसीचं प्रमाणपत्र, केसीआयच्या पेपर्सची प्रत आणि मायक्रोचिपचा पंधरा अंकी क्रमांक सोबत ठेवा. चिप आधी एकदा स्कॅन करून घ्या. ती कधी कधी मानेजवळून खाली सरकलेली असते आणि गेटवर सापडत नाही. चार महिन्यांखालचं पिलू हौसेनेसुद्धा मैदानावर नेऊ नका. पार्व्हो हा पिलांचा जीवघेणा आजार गर्दीतूनच घरी येतो.

शेवटी मामांची कारवानी. उतरवता येईल, आणि जरूर उतरवा. आधी नावाचा गोंधळ सोडवू. केसीआय या जातीची नोंद ‘कॅरावान हाउंड’ म्हणून करते, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब ही दुसरी संस्था ‘मुधोळ हाउंड’ म्हणून. मुधोळ आज कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात आहे. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोडी पंचम जॉर्जला भेट दिली आणि ते नाव जगात गेलं. २००५ मध्ये टपाल खात्याने काढलेल्या तिकिटांवरही नाव मुधोळच होतं. लातूर-सोलापूरकडचा माणूस मात्र कारवानीच म्हणतो, आणि लांब झालरदार केस असलेल्याला पश्मी. तुम्ही ज्या संस्थेच्या शोमध्ये जाणार, नोंदणी तिचीच हवी.

मामांच्या जोडीकडे पेपर्स नसणार. आई-बापांची नोंद नसलेल्या कुत्र्याचीही केसीआयकडे नोंदणी होऊ शकते: मायक्रोचिप बसवायची, अर्ज करायचा, आणि केसीआयने नेमलेल्या तज्ज्ञाकडून कुत्रा जातीला उतरतो का, हे तपासून घ्यायचं. इथे अडचण येते ती ग्रेहाउंडच्या रक्ताची. शर्यतींसाठी गावोगाव ग्रेहाउंडशी संकर झाला आहे. कान पाहा: कारवानीचे कान डोक्यालगत खाली पडलेले असतात, ग्रेहाउंडचे मागे दुमडून मानेकडे वळलेले. मांडी फार फुगलेली आणि कंबर कमानीसारखी उचललेली असेल तरी शंका घ्यावी. डोकं लांब, अरुंद आणि निमुळतं हवं.

या कुत्र्याचं वजन वाढवण्याच्या भानगडीत पडू नका. लॅब्राडॉरला जे खटकतं ते इथे गुण आहे: शेवटच्या दोन-तीन बरगड्या पुसटशा दिसल्या तरी चालतं, पण मांडीचा स्नायू कडक हवा. पिंजऱ्यात वाढवलेल्या कारवानीला तो येत नाही, शेतात मोकळा धावणाऱ्याला येतो. खरी अडचण हाताची आहे. हा कुत्रा परक्याचा स्पर्श सहन करत नाही. अलिप्तपणा जातीचाच आहे आणि जाणकार जज तो समजून घेतो, पण गुरगुरला किंवा दात दाखवले तर रिंगबाहेर जावं लागतं. म्हणून पहिला महिना फक्त परक्या माणसाने शेजारी उभं राहायचं, हात न लावता. दुसऱ्या महिन्यात खांद्यावर एकच हात, तोही मालक दोरी धरून उभा असताना. दात सगळ्यांत शेवटी, आणि रिंगमध्ये ते तुम्हीच उघडून दाखवा, जजला विनंती करून. अरुंद साखळी नको, रुंद मऊ पट्टा घ्या, कारण बारीक डोक्यावरून साधा पट्टा निसटतो. आणि एकदा सुटलेली कारवानी भर मैदानात पकडणं कुणाच्याही हातचं नाही.